चेअरमनच्या आवाजाची वाटणी

मी, आश्रुबा गहिनीनाथ शेंडगे, वय ७१, राहणार तेलगाव, जिल्हा बीड, आधी हिशेब लिहितो, मग वाटणी. रेडिओवर एकोणीस आणि टीव्हीवर चार वर्षे चाललेला माझा 'ओसरीवरचे चेअरमन' हा विनोदी कार्यक्रम मला एका दुभत्या म्हशीला पडला. बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीचा चारा वाटला जात होता. चेअरमन विठ्ठलराव ट्रॉलीवर चढून "आणखी चारा रस्त्यात हाय" म्हणत होते. तो सूर, मधले ते खाकरणे कानात भरून घेण्याच्या नादात माझा नंबर हुकला. आठवड्यात म्हैस मेली. आवाज तेवढा राहिला.

कार्यक्रमात मी त्याच आवाजात सांगायचो: टँकर रस्त्यात हाय, कर्ज रस्त्यात हाय, पाऊसबी रस्त्यात हाय. माणसे हसून लोळायची. या आवाजाने मी भल्याभल्यांच्या खुर्च्या हलवल्या, अशी येथे नोंद करतो. माझे डोके ठिकाणावर आहे, कान त्याहून तल्लख. दबाव आणणारे आहेत, पण त्यांना न जुमानता लिहितो.

१. राहते घर व कोरडी विहीर पत्नी सत्यभामा हिला. ती माझ्या कार्यक्रमाला कधी हसली नाही. "हसून घागर भरती का?" एवढेच विचारायची.

२. चार एकर जमीन मुलगा धर्मराज याला. तो विठ्ठलरावांच्या कृपेने सोसायटीत चिकटला आहे. कार्यक्रमाच्या टेपा मात्र त्याला नाहीत. येत्या निवडणुकीत विठ्ठलरावांच्या प्रचाराच्या जीपवर त्या वाजवायचे तो मला न विचारता कबूल करून बसलाय. वर म्हणतो, "दादा, लोक तुमालाच ऐकत्याल की." ऐकतील मला आणि शिक्का मारतील त्यांच्यावर. नक्कल केली ती त्यांना पाडायला. पण मांजरसुंब्याच्या ढाब्यावर माझ्या गळ्यात हात टाकून ते सगळ्यांना म्हणाले, "रेडिओवर आपल्याच चेअरमनची नक्कल व्हती. दुसऱ्या कुणाची हाय का बे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दर निवडणुकीला मी त्यांचा फुकटचा भोंगा.

३. सर्व टेपा व टेपरेकॉर्डर मुक्ताबाई यांना. कार्यक्रमात त्या चेअरमनची बायको व्हायच्या. "रस्त्यात हाय तर उचलून आना," हे त्यांचेच वाक्य, आणि चेअरमन गप्प व्हायचा तो तेवढ्यापुरताच. अट एकच: टेप कोणाच्याही प्रचारात वाजू नये. मत मागायचे त्याने स्वतःच्या तोंडाने मागावे. धर्मराज रडत आला तरी मुक्ताबाईंनी कपाट उघडू नये.

४. माझ्या तेराव्याला विठ्ठलरावांना भाषण करू देऊ नये. ते करतीलच. निदान माईक देऊ नये.

साक्षीला दोन माणसे लागतात. गाव टँकरमागे धावलेला, म्हणून ओसरीवर आयते आलेले विठ्ठलरावच धरले. सगळे वाचून ते पोटभर हसले. म्हणाले, "आश्रुबा, एवढं लिवलंस, पर मला काय लागतंय टेपाचं? मीच हाय की." दुसरा साक्षीदार कुठाय विचारले तर म्हणाले, "रस्त्यात हाय." दोन तासांनी रहीम मेकॅनिक आला.

हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र, वाचून, समजून सही केली.

तेलगाव, दि. १४ मे २००३
आश्रुबा गहिनीनाथ शेंडगे

साक्षीदार:
१) रहीम चाँद पठाण, मेकॅनिक
२) विठ्ठलराव बंकटराव देशमुख, चेअरमन, सन १९७१ पासून आजतागायत