थंडीत न पेटणारी दादाची गाडी

३ जाने.
आजही तेच. सकाळी चाळीस किका, पाय भरून आला, गाडी ढिम्म. काजूच्या बागेचा चढ चालत चढलो. दुपारी उन्हात उभी केली तर दुसऱ्या किकेत सुरू. डर्ट बाइक कसली, सरडा! ऊन खाल्ल्याशिवाय हलत नाही. दादा गोव्याला नोकरीला जाताना स्वतःहून देऊन गेला, तेव्हाच ओळखायला हवं होतं. चांगली वस्तू कोण सोडतो?

५ जाने.
प्लग काढला. एवढ्या किका मारूनही कोरडा. म्हणजे पेट्रोल पुरत नाही. थंडीत जादा पेट्रोल सोडणारी चोकची कळ अर्धीच उठते. दादानेच बिघडवली असणार.
फोन केला. "भंगार माज्या गळ्यात मारलंस." अजून बरंच बोललो. आई शेजारीच होती.
तो म्हणाला, "माज्याकडे एका किकेत व्हायची. तू काय केलंस तिका?" मग, "जत्रेक मी येवचंय नाय."

८ जाने.
आई बोलत नाही. वाढताना फक्त, "तुज्या गाडयेन माजो झील तोडल्यान." तिचा मुलगा तर मीही आहे. असो.

११ जाने.
गाडी काल मेस्त्रीकडे ठेवून आलो होतो, सकाळी त्याला थंड सापडावी म्हणून. आज माझ्यासमोर कार्बोरेटर उघडला. चोकची दांडी पांढऱ्या थरात रुतलेली.
"खोबरेल कोणी लायल्यान हय?"
थंडीत बाटलीत गोठतं तसं आत गोठलेलं. ऊन लागलं की पातळ.
मी म्हटलं, "दादान."
लावलं होतं मी. पावसाआधी, खारी हवा लागू नये म्हणून. भाजी चिरायची आदोळी, कोयता, आणि त्याच फडक्याने गाडी, अगदी फटीफटीत. आईला दाखवलंही होतं, बघ कशी चमकता!
मेस्त्री दादाचा शाळेपासूनचा दोस्त. "तो असा करूचो नाय," एवढंच म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा त्याच्यावर ढकललं मी. लाज वाटते.

१२ जाने.
कालच्याहून गारठा. मेस्त्रीने साफ केलेली कळ पूर्ण उठली. एका किकेत सुरू.
आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर. "इलो काय रे तो?"
एका किकेत ही फक्त त्याच्याच पायाने सुरू व्हायची.
गाडी बंद केली. "नाय गो आये, मीच आसंय." ती आत गेली.
जत्रा चार दिवसांवर. दादाचा नंबर काढून बसलोय. तेल मी लावलं, एवढंच तर म्हणायचं आहे. मेस्त्रीने आधीच सांगितलं असेल तर त्याला वाटेल, पकडलो गेलो म्हणून सांगतोय.