कच्च्या वड्या

पेण, रविवार संध्याकाळ

लोणचं मुरायच्या आधी बरणीला हात लावू न देणारी आई मी घरी केलेला साबण मात्र लोकांना कच्चाच कसा वाटून टाकते? त्यात कॉस्टिक सोडा असतो, महिनाभर मुरल्याशिवाय अंगाला लावायचा नाही, हे तिला किती वेळा सांगितलंय! तरी रोह्याला माझ्या मावसबहिणीच्या, वैशूताईच्या बाळाच्या बारशाला गेली आणि आदल्या दिवशी कापलेल्या वड्या बायकांना वाटून आली.

आज वैशूताईने फोटो पाठवला. बाळाची पाठ लालबुंद झालीय. डॉक्टरांनी मलम दिलंय, बरं होईल म्हणाले. पण ती पाठ डोळ्यांसमोरून हलत नाही.

आईला फोटो दाखवला तर म्हणते, "कडुलिंबाचा हाय ना गो? मग कसा बाधंल? उकाड्यानं झालं असंल." मी ओरडलेच. मग हळूच म्हणाली, "लेक शिकली, घरात साबण करते, म्हणून कौतुकानं दिला. आता कोणाला बोलू नको. नाव तुझंच जाईल."

नाव! एवढीशी पाठ ती, आणि आम्ही नावाचं बोलतोय. कौतुकाने केलं म्हणून मी रागवायचंही नाही?

तिच्यासमोर बसूनच रोह्याला एकेकीला फोन लावला. "माझा साबण कच्चा आहे, वापरू नका, फेकून द्या." आई मधेच उठून गेली. मी थांबले नाही. शेवटचा फोन वैशूताईच्या सासूबाईंना केला, आणि त्या जे जे बोलल्या ते सगळं ऐकून घेतलं.