अक्षताच्या खोलीची कडी

वाकोला,
३ ऑक्टोबर २०२५

ती. सोनूबाय आक्कास,

शकुचा नमस्कार. फोनवर ओरडले की सगळ्या मजल्याला कळतं आणि तुलाच ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. माझा गुडघा आहे तसाच. दसरा झाला. सिद्धेश आणि सून व्याही आजारी म्हणून खेडला गेलीत. घरात मी आणि नात.

अक्षता मरोळच्या एका कारखान्यासाठी साच्यांची चित्रं काढते, कॉम्प्युटरवर. औषधाच्या बाटलीचं झाकण ज्यात घडतं तो साचा. या खेपेला पहिल्यांदा अख्खा साचा तिच्या एकटीच्या हाती दिला होता. सोमवारी द्यायचा.

खंडेनवमीला मी पाट मांडला. विळी, कात्री, सिद्धेशची पक्कड आणि हिचा कॉम्प्युटर. झेंडू वाहिला आणि सांगितलं, आज ह्याला हात लावायचा नाही. तर म्हणते, "आजी, तुझ्या देवीला सोमवार कळतो का?" दुपारी माझा डोळा लागला तशी फुलं बाजूला सारून बसली कामाला. ते चित्राचं सॉफ्टवेअर मध्येच अडकलं आणि बंद पडलं. मग फाईल उघडेचना. मशीन आपलं आपण काम जपून ठेवतं म्हणे, पण तेवढा वेळ थांबावं लागतं म्हणून बाईसाहेबांनी ते बंद करून ठेवलेलं. घाई आमच्या रक्तातच.

तेव्हा मी एक बोलले. माझी जीभ तुला ठाऊक आहे. म्हटलं, "आयुधाला हात लावलास ना, आता भोग."

इंजिनेर पोरगी, मला उलटून चार शब्द सुनावणारी, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "खरंच गं आजी. माझंच चुकलं. माझ्याच्याने काहीच होत नाही."

त्यानंतर बोलली नाही. जेवली नाही. रडलीसुद्धा नाही. रडली असती तर मी लिहायला बसले नसते. कपाट लावलं, कपड्यांच्या घड्या केल्या. आक्का, गिरणीचा संप लांबला तेव्हा ह्यांनीसुद्धा असंच बोलणं टाकलं होतं. शेवटच्या दिवशी घर आवरलं होतं. मला वाटलं, बरं वाटतंय माणसाला. मी रेशन आणायला गेले.

तू तेव्हा आली होतीस, तुला पुढचं सांगायला नको. सिद्धेशला मी अजून काही कळवलं नाही. तेव्हा दार त्यानेच ढकललं होतं. दहा वर्षांचा होता.

काल मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, देवी-बिवी कोपत नाही. बायकांना एक दिवस विळीपासून सुटका मिळावी म्हणून कुठल्या तरी शहाण्या सासूने काढलेली युक्ती आहे ती. खरंखोटं मला माहीत नाही. तिने नुसती मान हलवली.

मग तिच्याच फोनवरून तिच्या ऑफिसातल्या देवव्रतला लावला. तो आज सकाळी आला. कॉम्प्युटरच्या पोटात शोधत बसला. भलत्याच नावाची एक कच्ची प्रत सापडली, मागच्या आठवड्यापर्यंतची. म्हणाला, "अर्धं आलंय अक्षता, उरलेलं आपण दोघं मिळून काढू." मी हिच्या तोंडाकडे बघत होते. काही हललं नाही तिथे.

तो चहा पिऊन गेला. ती मात्र मशीनपुढे बसली. मी उंबऱ्यात गवार मोडत होते. बऱ्याच वेळाने म्हणते, "सारखी काय डोकावतेस? मी काय दूध आहे उतू जायला?"

मी म्हटलं, "आहेसच." आणि मोडलेलीच शेंग पुन्हा मोडली.

दुपारी थोडा भात खाल्ला. आता आंघोळीला गेली आहे, पाण्याचा आवाज येतोय. तो थांबला की मी लिहायची थांबेन.

देवळात गाऱ्हाणं घाल. तुला हसत आले आजवर, तरी घाल. फाईलीसाठी नको. ती आली काय, गेली काय.

तिच्या खोलीची कडी मी काढून डब्यात टाकली आहे. तिने अजून विचारलं नाही. रविवारी सिद्धेश येईल, तो दारावरची भोकं बघेल आणि एका नजरेत ओळखेल. त्याला काय सांगू?

पाणी थांबलं.

दाराशी बसलेली,
शकु