पिवळी टोपी उसवणार नाही

पेण, मंगळवार, संध्याकाळ

नाही उसवणार. जाऊबाईंना काय म्हणायचं ते म्हणू दे.

दुपारी त्या रोह्याहून आल्या. माझ्या सुयांवरची इवलीशी पिवळी टोपी बघितली आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. "बाळ यायच्या आधी विणतात काय गो? सुनेला सातवा हाय. उसव आधी ती."

"नाय उसवत," मी म्हटलं. थोरल्या जावेला असं तोंडावर कधी बोलले होते मी?

गेल्या खेपेला सगळं पाळलंच होतं की. घरभर माझी लोकर, ह्यांचा मफलर अर्धा, लेकीची शाल अर्धी, पण बाळासाठी एक टाका घातला नाही. तरी सून वैशाली दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आली. आणि ते लेकरू गेलं ते दवाखान्याच्या कापडात. अंगावर घरचं म्हणून काही नव्हतं. हेच मला डाचतं. मग पाळून काय मिळालं?

ही पिवळी लोकर घेताना दुकानातच गालाला लावून बघितली होती. इतकी मऊ. ती कुणाचं काय वाईट करणार?

पण वैशालीला कुठे विचारलं मी? ते जाऊबाई गेल्यावर सुचलं. ती दारातच उभी होती, सगळं ऐकलेलं. मी टोपी पदराखाली घेतली. ती आत गेली. मला वाटलं, रडायला.

ती आली ती पिवळ्या लोकरीची उरलेली लड घेऊन. माझ्यासमोर बसली आणि लड दोन्ही हातांवर ताणून धरली.

"गुंडा करा, आई. मोज्यांना लागेल."