देवाला आधी कळवले

धारगळ, पेडणे
सोमवार, २३ नोव्हेंबर १९८७

प्रिय शिवदास,

सप्रेम नमस्कार. चवथीनंतर लिहीन म्हटले, मग दिवाळी आली, आता सकाळी धुके पडू लागले. एवढा उशीर झाला, रागावू नकोस. मनात रोज लिहीत होतो, पण कागद घेतला की अक्षरे दूर जाऊन उभी राहायची. आम्ही बरे आहोत. सुमंगलाचे गुडघे तसेच. वहिनींचा दमा कसा आहे? थंडीत डिचोलीला खाणीची धूळ फार बसते, खिडक्या लावून घेत जा.

माझ्या 'तरीची वाट'ची कागदी बांधणीची आवृत्ती निघाली. पहिली जाड पुठ्ठ्याची होती, ती कोणी घेतली नाही, हे तुला ठाऊकच आहे. ही हलकी आहे. शुक्रवारी म्हापशाला जातो आणि सुक्या मिरच्या विकणाऱ्या बाईच्या शेजारी गोणपाट पसरून बसतो. माझ्या पुस्तकाजवळ वाळपईच्या एका मास्तरणीच्या कविता ठेवतो, आणि तुझ्या कोकणी कथाही. मिरचीवाली परवा म्हणाली, "आज्या, म्हजी मिरसांग खाल्यार दोळ्यांत उदक येता. तुजें वाचल्यार कितें येता?"

मी म्हटले, "न्हीद."

झोप येते म्हटल्यावर ती हसली आणि माझ्यासाठीही चहा मागवला.

दुपारी बाजाराचा गलका मऊ होतो. डोळे मिटतात न मिटतात तोच माझा होडीवाला दिसतो, पुस्तकातला. कोलवाळच्या नदीवर पूल नाही, नुसती वाफ. होडी भरली आहे, माणसे म्हणतात सोड, आणि तो वल्हे मांडीवर घेऊन बसला आहे. अजून एकजण यायचा आहे म्हणतो. मी विचारतो कोण, तर धुक्याकडे बघतो.

अशाच एका डुलकीतून गौरवीने मला उठवले. तुझी मुलगी केवढी मोठी झाली. तुझ्या पुस्तकाकडे बघत राहिली. "काका, बाबांचें पुस्तक तुमी विकतात?"

"विकतां खंय, मांडून दवरतां."

तिने माझी एक प्रत घेतली. म्हणाली, "बाबांनीच हाडूंक सांगलां. पूण तुमकां सांगूं नाका म्हणून सांगलां."

हे मी तुला कळवले म्हणून तिला काही बोलू नकोस. त्या दिवसापासून मला झोप नीट नाही. भाषेच्या सभांना तू कोकणीच्या मंडपात बसलास आणि मी मराठीच्या, तेव्हापासून आपले बोलणे बंद. आणि तू माझे पुस्तक मागवतोस. ते वाचले असशील का? आवडले का? की रागाने मागवलेस?

आता लिहायचे ते लिहितो. तेरा डिसेंबरला रविवारी ह्या नव्या आवृत्तीचे रीतसर प्रकाशन ठेवले आहे. पत्रिकेत प्रमुख पाहुणा म्हणून तुझे नाव छापले. तुला विचारायला धीर झाला नाही. आधी छापू, मग विचारू म्हटले. पण आपल्याकडे पहिली पत्रिका देवाला. ती देवळात ठेवली, नारळ ठेवला आणि बाबली गावकराने गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, डिचोलीचो शिवदास येतलो, ताका सुखरूप हाड, वाटेर कितेंय आडमेळें आसल्यार पयस कर." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मीही म्हणालो. देवाला कळले होते, तुला नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्या मराठीच्या मंडपातला शांताराम आला. वाचनालयाचा हॉल त्याच्या हातात, प्रकाशन तिथेच ठरले होते. म्हणाला, "सगुण, गोव्याचं राज्य झालं, राजभाषाही कोकणी झाली. आता आमच्याच खुर्चीवर कोकणीवाला बसवतोस? नाव काढ, नाहीतर हॉल नाही."

"देवाला सांगून झालंय."

"मग देवाला दुसरी पत्रिका ठेव."

नाव काढायचा विचार मी केला, खोटे कशाला सांगू. हॉलमध्ये पंखे आहेत, पेडण्याहून माणसे येतील, पुस्तके खपतील. एका पत्रिकेवर तुझे नाव खोडूनही पाहिले. खाली माझे एकट्याचे नाव राहिले. ते बरे दिसेना. संध्याकाळी जाऊन हॉलची चावी शांतारामला परत देऊन आलो.

प्रकाशन आमच्या घरासमोरच्या खळ्यात होईल. सुमंगला शेणाने सारवते म्हणते, गुडघे दुखले तरी. माणसे थोडी येतील. तू कोकणीतून बोल, पुस्तक वाईट असले तर वाईट म्हण. मी शेजारी बसून ऐकेन. पूर्वी तुझ्या ओसरीवर आपण एकमेकांना वाचून दाखवायचो, तसा बसेन.

येणार नसशील तर तेही कळव. मग बाबलीला घेऊन देवळात जावे लागेल आणि शिवदास येत नाही असे देवाला सांगावे लागेल. ते माझ्याने होईलसे वाटत नाही. कार्ड टाक, नाहीतर गौरवीकडे चार शब्द दे, ती शुक्रवारी बाजारात येते. पण लवकर कळव, शिवदास.

तुझी वाट बघणारा,
सगुण