शेवटच्या कडव्यातलं नाव

रायपूर
रविवार, २२ मार्च २०२६

प्रिय संघर्षले ताईचा जयभीम.

इकडे सगळं बरं आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा पेपरातली बारीक अक्षरंही वाचून राहिले, आणि तेही मोठ्यानं, त्यामुळे सकाळी घरात दुसऱ्या कोणाले बोलता येत नाही. ऊन आतापासूनच कडक झालं. कूलरच्या जाळीतली घास बदलायची आहे. ते काम तुहं होतं, आता मीच स्टुलावर चढते.

व्हॉइस नोट पाठवत नाही. आवाजावरून तू मले लगेच पकडते, म्हणून कागद घेतला.

चौदा एप्रिलच्या तुह्या इथल्या शोचं पाम्प्लेट मिळालं. तुहा एवढा मोठा फोटो, आणि खाली बारीक अक्षरात ‘साथ में यामिनी’. ते काढून टाक. मले विचारलं काहून नाही? ऑफिसचं काम आहे, नवा रायपूरहून घरी यायलेच संध्याकाळ होते, घसा पण बसला आहे. त्या दिवशी सुट्टी असते हे मले माहीत आहे, आठवण देऊ नको.

तुले वाटेल ताई जळून राहिली. तसं काही नाही. मीच तर सगळ्यांले सांगते, माह्या भावानं गोधडीत शिरून फोनवर पहिलं गाणं रेकॉर्ड केलं, पॉलिटेक्निक सोडून पुण्याले गेला, कोणाचा हात पाठीवर नसताना स्वतःच गाणी बनवून स्वतःच टाकते, शो झाला की स्वतःच टी-शर्ट विकाले उभा राहते. हे इतक्यांदा सांगितलं की स्टाफ बसमधली शर्मिष्ठा आता माह्या आधी सांगते.

फक्त एक गोष्ट. गोधडी माही होती.

आणि त्या गाण्याचा ठेका बाबाच्या गाण्याच्या पार्टीतला होता, तो तुले मी मांडीवर थाप मारून शिकवला. ‘गुलाबराव आणि पार्टी’त मेन आवाज माहा होता, मोहल्ल्यातल्या कोणालेही विचार. तू मागच्या रांगेत टाळी धरायचा, आणि तीही चुकायची. बाबाचा आवाज गेला तेव्हापासून त्यांच्या भीमगीतांचं शेवटचं कडवं, ज्याच्यात गाणं बांधणाऱ्याचं नाव येते, ते मी गायची. ‘गुलाब म्हणे’ म्हटलं की लोक उभे राहायचे. मग मले नोकरी लागली आणि पार्टी मोडली.

आता बाबा दिवसभर कानात तुही गाणी घालून बसतात. मी ताट घेऊन समोर उभी राहिली तर हातानं ‘थांब’ म्हणतात. इतकी वर्षं मी गायली, मले एकदाही ‘वा’ म्हटलं नाही. तुह्या ओळीओळीले मान डोलवतात.

तर हव, जळते मी. लिहून टाकलं. टाळी चुकणाऱ्या पोट्ट्याच्या मागे गावोगावचे लोक टाळ्या देतात आणि मी फाइलींवर नंबर टाकते. जळणार नाही तर काय करणार?

त्यात ती म्युझिक कंपनी आपल्या पायानं चालून आली होती, तर तू नाही म्हणाला. मले कोणी बोलावलं असतं तर मी चपला न घालता गेली असती. पोट्ट्याच्या डोक्यात हवा गेली, असं मी बाबाले म्हटलं. बाबा मोठ्यानं पेपर वाचत राहिले.

असो. पाम्प्लेट बदल. नाही तर मी येणार नाही.

मंगळवार

वरचं पत्र पर्समध्येच राहिलं, पोस्टात टाकणं झालं नाही.

आज बसमध्ये शर्मिष्ठानं तिच्या इयरफोनचं एक टोक माह्या कानात घातलं. तुहं नवीन गाणं लागलं होतं. मी म्हटलं, ऐकलं आहे. ती म्हणाली, “पूरा सुना है दीदी? इसमें तो आपका नाम है.” मले वाटलं, पोट्टी मस्करी करून राहिली.

संघर्ष, मी तुहं एकही गाणं पूर्ण ऐकलं नाही. तू रंगात आला की माह्या पोटात दुखते आणि मी बंद करते. तू फोनवर विचारलं होतं, “ताई, आखरी वाला चलेगा ना?” आणि मी न ऐकताच “हव, मस्त आहे” म्हटलं. कोणाच्या घरात असं होईल सांग. नाव शेवटच्या कडव्यात येते हे मले जन्मापासून माहीत, आणि मीच शेवटाच्या आधी बटण दाबून राहिली.

आज ऐकलं. मंत्रालयाच्या त्या रुंद रस्त्यावर बस एकटीच पळून राहिली होती आणि तू म्हणत होता:

हात माहे फाइलीत गुंतले, गळा गुंतला नाही,
यामिनी म्हणे, चूप बसणं मले जमत नाही.

बाबाच्या ऑपरेशनले आला होता तेव्हा पोळ्या लाटता लाटता मी हे वैतागून बोलली होती. तू जेवत होता. मी विसरून गेली, तू नाही.

संध्याकाळी बाबाले विचारलं. म्हणाले, “कंपनीले तेच कडवं कापायचं होतं. म्हणे, शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही. पोट्टा म्हणाला, नाव कापून गाणं देत नाही.” मी म्हटलं, मग मले काहून नाही सांगितलं? बाबा म्हणाले, “मले वाटलं, तू ऐकलं असशील.”

मग त्यांनी गाणं लावलं. मी ताट घेऊन उभी होती. ते हातानं ‘थांब’ म्हणाले, आणि कोणत्या जागेवर म्हणाले ते आज मी पाहिलं. माह्या कडव्यावर.

आता तुले वाटेल ताई विरघळली. नाही रे. जळणं वाढलं. कडवं माहं, नाव माहं, आणि म्हणून राहिला तू. ‘गळा’ पण तुले धड म्हणता येत नाही, ‘गला’ म्हणते. आयुष्यात पहिल्यांदा मले माह्याच नावाचा हेवा वाटून राहिला.

म्हणून पाम्प्लेट बदलच. ‘साथ में’ काढ, नाव राहू दे. मी येते. सगळं गाणं तू म्हण, पब्लिक नाचव. शेवटच्या कडव्याले माइक माह्या हातात दे आणि मागच्या रांगेत जाऊन टाळी धर. या वेळी चुकू नको. बाबाले पुढच्या खुर्चीवर बसवणार आहे.

हे नवीन कडवं. याले तू तोंड लावायचं नाही.

ढोलक तुही, बीट तुही, पब्लिक तुही सारी,
यामिनी म्हणे, शेवटी रे आता माही बारी.

खाली वेगळी सही करत नाही. वर झाली आहे.