बुधवारचं मटण

प्रिय प्रसेनजीत,

कंत्राटी बायकांना कायम करावं म्हणून कँटीनवर बहिष्कार टाकायचं युनियननं ठरवलं, तेव्हा मी कमिटीतल्या तिघांना तीन वेगळे, खोटे दिवस सांगितले. कुणीतरी कंपनीला बातम्या पुरवतंय, असा संशय होता. बुधवार फक्त तुला सांगितला. धाकट्या भावाचं नाव आधी संशयातून सुटावं, एवढीच इच्छा होती.

बुधवारी कँटीनमध्ये मटण शिजलं. मॅनेजर स्वतः तांबडा-पांढरा वाढत होते. कंत्राटातली यल्लव्वा मला म्हणाली, "म्याडम, कंपनीत कुणाचं लगीन हाय व्हय?" सगळ्या हसल्या. तू मान खाली घालून जेवलास.

कॉन्व्हेंटच्या फाटकाशी तू माझी वाट बघायचास, खिशात माझ्या वाटणीची चिक्की ठेवून. ते आठवलं की वाटतं, योगायोग असेल. पण कागलच्या त्या कँटीनमध्ये बारा वर्षांत कधी मटण शिजलं नव्हतं.

संध्याकाळी शाहूपुरीत युनियनची बैठक आहे. बुधवार कुणाला सांगितला होता, हे मला विचारतील. पत्र पाठवलं तर तू सावध होशील, म्हणून पाठवत नाही. मी तुझं नाव घेईन. तेव्हा तू शेजारीच असशील, नेहमीसारखी माझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची धरून ठेवून.

तुझीच,
अक्का